बटणची आई बहिणीकडे गेली आहे

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. हेतू: बटणच्या प्रशिक्षणाची नोंद. मन मोकळे करण्यासाठी नाही. माझे मन मोकळेच आहे, त्यात काही नाही.

परिस्थिती अशी. बटण हा हिचा कुत्रा. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. कारखान्यात माझ्या टेबलावर आला असता तर एवढ्याच कारणावरून नापास झाला असता. ही डिसेंबरात हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही. कुत्रा राहिला.

मुलीचा फोन आला. म्हणाली, बाबा, तुम्हाला नाही झेपायचं. माझी एक मैत्रीण आहे, मोठी बाग आहे तिच्याकडे, ती घेईल त्याला. दोन मार्चला येते म्हणाली. अट एकच, हाक मारली की परत यायला हवा, कारण तिच्या बागेचं फाटक रस्त्यावर उघडतं.

मी म्हटले, महिना भरपूर झाला. पंपाच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी कंट्रोल पाहिले. माझ्या हाताखालून वाकडा शाफ्ट कधी बाहेर गेला नाही. कुत्रा शाफ्टपेक्षा अवघड असून असून किती असेल?

सध्याचा दोष: बटण हाकेला येत नाही. फक्त हिच्या शिट्टीला यायचा. दोन आखूड, एक लांब, लांब शिट्टीचा शेवट वर. बायकांनी शिट्टी वाजवू नये असे माझे मत होते. मत अजून तसेच आहे, ऐकायला कोणी नाही.

उद्यापासून पार्क.

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉग पार्क पाण्याच्या टाकीमागे आहे. चारी बाजूंनी जाळी, आत कुत्री मोकळी. ही रोज पावणेसहाला यायची. मलाही चला म्हणायची. मला वेळ नसे. निवृत्त माणसाला वेळ नसतो, हे तिला शेवटपर्यंत पटले नाही.

आत शिरायला एकामागे एक दोन फाटके, मध्ये पिंजऱ्याएवढी जागा. नियम: एक फाटक लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. नियम उत्तम आहे, पण कुठे लिहिलेला नाही. मी दोन्ही उघडली. तीन कुत्री बाहेर. एक जाडजूड गृहस्थ त्यांच्यामागे धावत ओरडले, काका, मागचं लावा, मागचं! मी पुढचे लावले. त्यामुळे ते गृहस्थ कुत्र्यांसकट बाहेर राहिले आणि मी आत. माझी बाजू सुरक्षित होती.

इथे माणसांना नावे नाहीत. कुत्र्यांना आहेत. जाडजूड गृहस्थ म्हणजे इंजिनचे बाबा. ते सिटी बस चालवतात. एक उंच बाई दातांच्या डॉक्टर आहेत, पण इथे त्या ढगची आई. ढग हा पांढरा, वासराएवढा. एक कॉलेजातली मुलगी आहे, टाचणीची ताई. टाचणी हे पिल्लू. मला विचारले, तुम्ही बटणचे बाबा ना? मी स्पष्ट केले की मी कोणत्याही कुत्र्याचा बाबा नाही. मग म्हणायचं काय, यावर चर्चा झाली. शेवटी इंजिनचे बाबा म्हणाले, जाऊ दे, बटणच्या आईचे मिस्टर. लांबलचक आहे, पण अचूक आहे. मंजूर केले.

टाचणीची ताई परीक्षेमुळे बरेच दिवस आली नव्हती म्हणे. तिने विचारले, बटणची आई कुठाय? आल्यापासून दिसलीच नाही.

मी म्हटले, बहिणीकडे गेली आहे.

ढगची आई स्वतःच्या बुटांकडे पाहू लागली. इंजिनचे बाबा म्हणाले, हां, हां. बहिणीकडे. माझ्या बोलण्यात एक अधिकार आहे, त्याचा हा परिणाम. कारखान्यातही मी बोललो की असेच होई.

बटण मैदानाला फेरी मारून लांबच्या कोपऱ्यात गेला. तिथे झाडाखाली एक बाक आहे. त्या बाकासमोर बसला आणि शेपूट हलवू लागला. बाक रिकामा होता. मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. आला नाही. इंजिनच्या बाबांनी उचलून आणून दिला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कालच्या उत्तराबद्दल. त्याला खोटे म्हणता येणार नाही. कुत्री अंगावर उड्या मारत असताना तसली बातमी सांगणे बरे दिसत नाही. शिवाय प्रश्न महिन्याचा आहे. दोन मार्चनंतर या मंडळींचा आणि माझा संबंध नाही.

हिला बहीण नव्हती, हे खरे. पण ते त्यांना माहीत असण्याचे कारण नाही.

टाचणीच्या ताईचे डोळे आज लाल होते. गवताची ॲलर्जी असावी. माझ्याकडे पाहिले की जास्तच चोळत होती. डॉक्टरला दाखव म्हटले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कार्यक्रम आखला. टप्पा एक: नाव घेतल्यावर बघणे. टप्पा दोन: येणे. टप्पा तीन: येऊन थांबणे. प्रत्येकी एक आठवडा. उरलेले दिवस पॉलिशला.

पार्कात हिचे जाकीट घालतो. माझ्या जाकिटाचे खिसे लहान आहेत. हिच्या खिशात बिस्किटांचा चुरा, केसांची पिन आणि एक रबरी चेंडू निघाला. तसेच ठेवले. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपतात. ढगची आई जाकिटाकडे पाहत राहिली. कापड चांगलेच आहे.

जाकीट दारामागे बुटांच्या कपाटाजवळ असते. तिथे उभा राहिलो की त्या दिवशीची एक गोष्ट आठवते. घर माणसांनी भरले होते, आणि बुटांच्या कपाटाजवळ चार-पाच जण अंग चोरून उभे होते. एकही ओळखीचा नाही. एकीच्या काळ्या कपड्यांवर पांढरे केस. एकाच्या बुटाची टाच कोणीतरी चावल्यासारखी. मी विचारले, कोण पाहिजे आपल्याला? ते म्हणाले, कोणी नाही, आणि निघून गेले. वरच्या मजल्यावर जायचे असणार. अशा दिवशी लोकांनी मजला चुकावा, कमाल आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

खेळाच्या दुकानातून पंचांची शिट्टी आणली. तर्क साधा आहे. शिट्टीला येतो ना, मग घे शिट्टी.

फुंकली. मैदानातली सगळी कुत्री माझ्याकडे धावत आली. बटण सोडून. ढगने पुढचे दोन पाय माझ्या खांद्यांवर ठेवले. मी खाली बसलो. पडलो नाही, बसलो. ढगची आई हात पुढे करून म्हणाली, लागलं का हो, आणि हसू आवरेना म्हणून तोंड फिरवले. इंजिनचे बाबा म्हणाले, मिस्टर, पुन्हा नका वाजवू, डेपोतून माझी बस येईल.

शिट्टी सदोष. परत करणार.

९ फेब्रुवारी, रविवार

परत घेत नाहीत. तोंडाला लावलेली वस्तू, म्हणे.

सायंकाळी मी फाटकापाशी उभा होतो. अंधारायला थोडा अवकाश होता. शिट्टी ऐकली. दोन आखूड, एक लांब, शेवट वर.

बटण माझ्या पायांजवळून सुसाट गेला. बाकापाशी थांबला. खाली पाहिले, वर पाहिले, मग बसला. शेपूट हलत होते.

मी चालत तिथपर्यंत गेलो. बाकावर कोणी नव्हते. बाकाखालीही पाहिले.

वारा असावा. वारा नव्हता, पण दुसरीकडे कुठे असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा. तीच शिट्टी, तोच कोपरा. बाकीच्यांकडे पाहिले. ढगची आई ढगच्या कानातले काहीतरी काढत होती. इंजिनचे बाबा चेंडू फेकत होते. कोणी मान वळवली नाही. म्हणजे ती फक्त मला आणि बटणला ऐकू येते. बटणची साक्ष धरता येत नाही.

घरी शिरताना आलो म्हणून सांगितले. सवय आहे. आतून उत्तर आले नाही, ते योग्यच. बटण मात्र आतल्या खोलीच्या दारात उभा राहून बराच वेळ पाहत राहिला. मी दिवा लावला. पलंग. कपाट. खिडकीत हिचा चष्मा. काही हललेले नव्हते. दिवा घालवला तरी तो पाहतच होता. कुत्र्यांची नजर अधू असते असे कुठेतरी वाचले आहे. नसेल वाचले तर वाचायला हवे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. यंत्र लावून तपासले. म्हणाले, या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. मी विचारले, जास्त ऐकू येण्यावर काही औषध असते का? म्हणाले, काय ऐकू येतं? मी म्हटले, काही नाही. म्हणाले, मग छान.

वाईट बातमी घेऊन घरी आलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टप्पा एक संपायला हवा होता. बटण नाव घेतल्यावर बघतो, पण माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघतो. मी दोनदा वळून पाहिले. आता वळत नाही. अर्धे गुण दिले.

ढगची आई आज शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, बटणच्या आईला सांगाल का, ढगचा पंजा बरा झाला, तिनं सांगितलेलं मलम लावलं. मी म्हटले, सांगतो. मग म्हणाली, बरी आहे ना ती तिथे? मी म्हटले, मजेत आहे. हवा मानवली. रात्रभर झोपते. दुखत नाही अजिबात. ती म्हणाली, दुखत नाही ना, मग झालं. तिचा आवाज एकदम बसला. दिवसभर लोकांच्या तोंडात बोलावे लागते, बसणारच.

घरी आल्यावर सांगितले, ढगचा पंजा बरा झाला. निरोप पोचवणे हे कर्तव्य आहे. कोणाला सांगितला हा मुद्दा गौण.

१६ फेब्रुवारी, रविवार

टप्पा दोन पुढे ढकलला. आधी निरीक्षण. शिट्टी कोपऱ्यातून येते. तेव्हा मी त्या बाकावर असणे शास्त्राला धरून आहे.

बाकाच्या एका टोकाला बसलो. मधोमध बसणे उर्मटपणाचे दिसते. थर्मासमध्ये चहा नेला होता. कप दोन. एक फुटला तर दुसरा असावा.

कप स्टीलचे आहेत हे तिथे गेल्यावर लक्षात आले. दोन्ही काढले होतेच, म्हणून दोन्ही भरले.

शिट्टी आली. इतकी जवळून की अंगावर काटा आला. गार हवेमुळे. बटणने बाकाच्या दुसऱ्या टोकावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. त्या बाजूला पाहायचे नाही असे ठरवले. समोर टाकीच्या भिंतीवर एक डाग आहे, तो पाहिला. चहा गार झाला. दोन्ही कपांतला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुलीचा फोन. विचारले, बाबा, पार्कात बोलता का कोणाशी? म्हटले, सगळ्यांशी. आईचं सांगितलंत त्यांना? म्हटले, विषय निघतो अधूनमधून. ती म्हणाली, बाबा. मी म्हटले, काय? म्हणाली, काही नाही. हिच्यावरच गेली आहे. काही नाही म्हणते तेव्हा पुष्कळ काही असते. मैत्रीण दोन मार्चला पार्कातच येणार, तिला प्रात्यक्षिक पाहायचे आहे. म्हटले, येऊ दे.

सायंकाळी टाचणीच्या ताईला सांगितले की बटणची आई महिनाअखेर परत येईल. तिने विचारले नव्हते, मीच सांगितले. माणसे ताटकळत राहू नयेत. ती म्हणाली, नका ना काका. काय नको ते सांगितले नाही. हल्लीची मुले वाक्य पुरे करत नाहीत.

त्यानंतर ती माझ्याबरोबर मैदानाला दोन फेऱ्या चालली. टाचणी माझ्या बुटाची नाडी ओढत होती. विचारले, बटणची आई तुम्हाला काय हाक मारायची? मारायची नव्हे, मारते, असे मी दुरुस्त केले. म्हणाली, सॉरी, मारते. मी म्हटले, अहो. ती म्हणाली, नुसतं अहो? मी म्हटले, त्यात सगळे येते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन मार्चला बटण गेला की पार्कही संपला. बाक, शिट्टी, जाकीट, सगळेच. आनंद आहे. संध्याकाळ मोकळी मिळेल. मोकळ्या संध्याकाळी काय करता येईल याची यादी करायला बसलो.

पुढे लिहीन.

२२ फेब्रुवारी, शनिवार

प्रकरण उलगडले.

साळुंकी आहे. बाकावरच्या झाडात, फांदीच्या बेचक्यात. मी सहज वर पाहिले. तिचा गळा फुगला, चोच उघडली आणि हिची शिट्टी बाहेर आली. जशीच्या तशी.

चेंडू शोधत इंजिनचे बाबा तिथे आले होते. वर बघून म्हणाले, ऐकलंत ना? रोज इथे बसून वाजवायची बटणची आई, पाखरानं उचललं. आम्हाला तर इतकी सवय झालीय की आता मानसुद्धा वळत नाही. तुम्हाला ठाऊक असेलच.

मी म्हटले, अर्थात.

ते गेल्यावर दुसरा कप ओतून दिला.

घरी शिरताना आलो म्हटले नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पार्क नाही. विश्रांती.

पावणेसहाला बटण दाराशी जाऊन बसला. जाकिटाकडे पाहत होता. मी टीव्ही लावला. बातम्या त्याने पाहिल्या नाहीत. मीही नाही.

पाखराच्या नकलेला फसणारे जनावर घरात ठेवण्यात अर्थ नाही. गेलेला बरा. मी फसलो नव्हतो. माझे निरीक्षण चालू होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो. बटणला व्यायाम हवा. थर्मास जाकिटाच्या खिशात आधीच होता, कप आत होते.

शिट्टीत फरक आहे. दोन आखूड ठीक. लांब आहे, पण शेवट पूर्वीसारखा वर जात नाही. किंचित. दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायचे नाही. बटणच्या आले. धावला, पण मध्येच थांबून एकदा माझ्याकडे पाहिले.

कारखान्यात माप तपासायला गेज असते. रोज वापरले की गेज झिजते, म्हणून कपाटात एक मास्टर गेज ठेवतात. त्याला कोणी हात लावत नाही. अधूनमधून रोजचे गेज त्याच्याशी ताडून पाहायचे, एवढेच. मास्टर हरवले तर रोजचे गेज झिजतच राहते आणि झिजले हे सांगायला कोणी उरत नाही. माल बरोबर आहे असेच वाटत राहते सगळ्यांना.

साळुंकीला ताडून पाहायला आता कोणी नाही.

माझ्या कानात आहे. कान चांगले असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. कानातले तोंडात आणायचे, एवढेच काम. उद्यापासून शिट्टी शिकणार. तीन दिवस पुरेत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आरशासमोर सराव. हवा निघते. आवाज नाही. आरसा धुरकटला. बटण स्नानघराच्या दारात बसून होता. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो कारखान्यात शिकाऊ मुलांकडे पाहताना माझ्या चेहऱ्यावर असे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शिट्टीबद्दल पार्कात कोणाला कळू द्यायचे नाही असे ठरवले होते. टाचणीच्या ताईने विचारले, काका, तुम्ही फुंकर कशावर घालताय? मग सगळ्यांना कळले.

इंजिनचे बाबा म्हणाले, जीभ मागे घ्या, ओठ ओले करा, आणि माझ्याकडे बघू नका, मला हसू येतं. ढगच्या आईने मोबाइलच्या उजेडात माझ्या तोंडात पाहिले. म्हणाली, काका, या कवळीनं शिट्टी जन्मात वाजायची नाही, वाऱ्याला वाटच नाही. मी म्हटले, मग काढून पाहतो. काढली आणि बाकावर रुमालात ठेवली. फुंकतोय तोवर बटणने कवळी उचलली.

पुढचा प्रकार सविस्तर लिहीत नाही. सर्वजण धावले. मी ओरडत होतो, पण दातांशिवाय. इंजिनच्या बाबांना वाटले मी गाणे म्हणतो आहे.

बटणने कवळी चावली नाही. मैदानाला फेरी मारून परत बाकापाशी आला आणि बाकाच्या रिकाम्या टोकासमोर नीट खाली ठेवली. मग मागे सरून बसला आणि वाट पाहू लागला. चेंडू आणून द्यायचा तेव्हा असाच बसत असणार.

कोणी हसले नाही. ढगच्या आईने कवळी बाटलीतल्या पाण्याने धुऊन दिली. म्हणाली, घरी गेल्यावर नीट धुवा.

१ मार्च, शनिवार

उद्याचा कार्यक्रम. पाच वाजता मैत्रीण. मग हाक. बटण येईल. मग सुपूर्द करणे. मग चहा.

टप्पा दोन व तीन उद्या एकदम पूर्ण होतील. काही कामे शेवटच्या दिवशीच होतात, हे कारखान्यातही पाहिले आहे.

बटणला आंघोळ घातली. भिंती ओल्या झाल्या. पट्टा, भांडे, पांघरूण एका पिशवीत भरले. रबरी चेंडू त्याच्याबरोबर द्यायचा की जाकिटात ठेवायचा, ठरत नाही. पिशवीत घातला. काढला. पुन्हा घातला.

पार्कात सांगितले, उद्या बटण नव्या घरी जातो. ढगची आई म्हणाली, आणि तुम्ही? मी म्हटले, मला कोण घेणार? विनोद होता. यांना विनोद कळत नाही.

महिनाअखेर काल झाली. बटणची आई आली का, हे कोणी विचारले नाही. उत्तर तयार होते.

२ मार्च, रविवार

जे झाले ते क्रमाने लिहितो.

मैत्रीण वेळेवर आली. चांगली मुलगी. आत येताना आधी मागचे फाटक लावले, मग पुढचे उघडले. सगळी मंडळी कुत्र्यांसह फाटकाजवळ गोळा झाली होती. ती सरळ माझ्यापाशी आली, माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, काका, काकू गेल्याचं कळलं आणि मला इतकं वाईट वाटलं हो. तेव्हा येताच आलं नाही, परगावी होते मी.

मी मंडळींकडे पाहिले. त्यांना धक्का बसायला हवा होता. कोणालाही बसला नाही. टाचणीच्या ताईलासुद्धा नाही.

ढगची आई हळूच म्हणाली, काका, आम्ही आलो होतो त्या दिवशी घरी. तुम्ही विचारलंत, कोण पाहिजे.

मी खाली पाहिले. इंजिनच्या बाबांच्या बुटाची टाच चावलेली आहे. महिनाभर रोज माझ्यासमोर होती. पण त्या दिवशी कुत्री बरोबर नव्हती. कुत्र्यांशिवाय मी यांना ओळखणार कसे?

मी म्हटले, पण बहिणीकडे.

ढगची आई म्हणाली, तिला बहीण नव्हती, तिनंच सांगितलं होतं. टाचणीच्या ताईला माहीत नव्हतं, तिला आम्ही मागून सांगितलं सगळं. मग घसा साफ करून म्हणाली, पण तुम्ही म्हणालात आणि आम्हालाही बरं वाटलं.

इंजिनचे बाबा म्हणाले, आम्ही पण ठेवली तिला तिथेच. महिनाभर.

मी प्रात्यक्षिकाला सुरुवात केली. बटण कोपऱ्यात बाकासमोर होता. मी हाक मारली. त्याने पाहिले नाही. आणखी मोठ्याने मारली. टाचणी आली. ढग आला. इंजिनने बसून पंजा दिला. बटण आला नाही.

मैत्रिणीने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, काका, समोरच रस्ता आहे हो माझ्या, गाड्या असतात. मला भीती वाटते. तिने बाकापाशी जाऊन बटणचे डोके कुरवाळले, मुलीला मी सांगते म्हणाली आणि गेली. जाताना दोन्ही फाटके नीट लावली.

निकाल: नापास. लाल चिठ्ठी. माल परत.

बटण दमला होता. पिशवी घेऊन दोघे घरी आलो. आलो म्हणून सांगितले. बटणने आतल्या खोलीत डोकावून पाहिले. मीही पाहिले. मग हिचा चष्मा खिडकीतून काढून डबीत ठेवला, काचेवर धूळ बसते.

३ मार्च, सोमवार

बटण इथेच. काम पुन्हा पहिल्यापासून. नवा कार्यक्रम आखला, मुदत एप्रिलअखेर. या वेळी कवळीचा प्रश्न आधी सोडवणार.

पार्कात एक नवे गृहस्थ आले होते. कुत्रा नवा, पट्टा नवा, दोन्ही फाटके उघडी. मी ओरडलो, मागचं लावा, मागचं! त्यांनी पुढचे लावले. असतात अशी माणसे.

मग त्यांनी विचारले, आपण? मी म्हटले, बटणचे बाबा. इथली पद्धत आहे, त्याला इलाज नाही. त्यांनी विचारले, आणि बटणची आई येते का? इंजिनचे बाबा उगाच खोकले. मी म्हटले, यायची. डिसेंबरात वारली.

एवढेच शब्द होते. वाटले होते जास्त लागतील.

बाकावर बसलो. दुसरा कप ढगच्या आईला दिला. ती मधोमध बसली नाही.

साळुंकी काड्या गोळा करण्याच्या गडबडीत होती. चोचीतली काडी टाकून तिने शिट्टी वाजवली. दोन आखूड. लांब आलीच नाही. काडी शोधायला उडून गेली.

बटणचे कान टवकारले. एक उभा असतोच, पडलेलाही उभा राहिला. मैदानाच्या मध्यावर थांबून तो उरलेल्याची वाट पाहत होता.

मी ओठ ओले केले. जीभ मागे घेतली. हवा आली. शेवटी थोडी वर गेली असावी.

बटण आला.

माझ्या हातात बिस्किट होते, हे नोंदवणे आवश्यक आहे.